तीन घरांतली बंदूक

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी मोजायला सुरुवात केली. नदीकडच्या आमच्या पट्ट्यात मक्याच्या चौसष्ट ओळी, एका ओळीत साधारण शंभर ताटं. त्यांतली चारशे अठरा आडवी होती. एकोणनव्वद मुळापासून उपटलेली, बाकीची कमरेत मोडलेली. अर्धवट खाल्लेली कणसं दोनशे सहा. नुसतीच चावून टाकलेली एकशे एकतीस. चिखलात खुरांचे ठसे तीन मापांचे: मोठे, मधले आणि माझ्या अंगठ्याएवढे.

"किती?" आईने बांधावरून विचारलं.

"चारशे अठरा."

"परवा तीनशेच्या आत होती ना?"

"दोनशे सत्त्याऐंशी."

"म्हणजे आता लेकरंबाळं घेऊन जेवायला यायला लागलीत."

ती खाली उतरली आणि मोडलेली ताटं विळ्याने मुळाशी कापून पेंढ्या बांधायला लागली. गाईंना तेवढाच चारा. एक कणीस सोलून तिने दाण्यात नख रुतवलं. पांढरं दूध नखावर आलं.

"अजून वीस दिवस तरी उभा राहायला हवा."

"एकोणीस."

"एकोणीस तर एकोणीस. डुकरांना सांगून ठेव."

आदल्या संध्याकाळी बंदूक बाहेर निघाली होती, पण उशिरा. रानाला लागून गावाची अकरा शेतं आहेत आणि त्यांच्या राखणीला एकच बंदूक. एकनळी, आजोबांच्या वेळची. परवाना आईच्या नावावर आहे, पण बंदूक आमच्या घरात नसते. म्हणजे सबंध नसते. नळी आमच्याकडे, धान्याच्या कोठीमागे तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. घोडा आणि चापासकट दस्ता बांधापलीकडच्या दीडपायकाकांकडे. नळी आणि दस्ता यांना धरून ठेवणारी वीतभर लाकडी मूठ सुईण आत्याकडे, आणि काडतुसंही तिच्याचकडे. डुकरं दिसली की ज्याला दिसतील त्याने पत्र्याचा डबा बडवायचा. तिघांनी आमच्या बांधावर यायचं, बंदूक जोडायची, आईने हवेत बार काढायचा. मग बंदूक सुटी करून ज्याचं त्याने घरी न्यायचं.

हा नियम गावसभेने सतरा वर्षांपूर्वी केला. त्याआधी बंदूक सबंध होती, आमच्या कपाटात कुलपात होती, आणि दीडपायकाकांचे दोन्ही गुडघे वाकत होते. भांडण पाण्याच्या पाळीवरून झालं होतं. चाप आप्पांनी ओढला होता. आप्पा म्हणजे माझे वडील. दीडपाय हे नाव काकांनी स्वतःच घेतलं, दुसऱ्या कुणी ठेवायच्या आत.

आप्पा दोन वर्षांनी तुरुंगातून परत आले तेव्हा गावसभेने त्यांना शेत कसू दिलं, एका अटीवर. बंदूक जुळली की त्यांनी तीस पावलं लांब जायचं आणि पाठ करून उभं राहायचं. मी तेव्हा सात वर्षांची होते. बार उडतो तेव्हा आप्पांचा चेहरा कसा होतो हे मी कधी पाहिलेलं नाही.

काल डबा वाजल्यापासून बार निघेपर्यंत नऊ मिनिटं छत्तीस सेकंद गेली. आई नळी घेऊन दीड मिनिटात पोचली, आत्या साडेतीनमध्ये. बाकी सगळा वेळ काकांच्या गुडघ्याचा. त्यांच्या घरापासून बांध चारशे दहा मीटरवर आहे आणि सेकंदाला एक मीटरपेक्षा जास्त ते चालू शकत नाहीत. दस्ता खांद्यावर टाकून, घामाने निथळत ते आले तेव्हा मक्यात हालचाल उरली नव्हती.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"जेवून, हात धुऊन गेली," आत्या म्हणाली.

मी ताटं मोजली त्याच दिवशी दुपारी नोटिसा आल्या. आई गोठ्यात शेण काढत होती. सुईण आत्या आधी आली, कागद पदरासारखा छातीशी धरून. तिच्या मागे तीन-चार मिनिटांनी काका, काठी टेकत.

"तुला आलं?" आत्याने आईला विचारलं.

आईने हात धुतले आणि खिडकीतला कागद काढला. तिन्ही कागद मी ओट्यावर शेजारी-शेजारी ठेवले. मजकूर एकच होता, फक्त नावं वेगळी. आपल्या ताब्यातील बंदूक दहा दिवसांच्या आत जिल्हा शस्त्रकोठीत जमा करावी. आत्याच्या आणि काकांच्या कागदावर खाली एक ओळ जास्त होती: विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल कारवाई का करू नये याचा खुलासा द्यावा.

"माझ्या ताब्यात बंदूक?" आत्या म्हणाली. "माझ्याकडे वीतभर लाकूड आहे."

"तू फॉर्मवर काय लिहिलंस?" मी विचारलं.

आतापर्यंत बंदुकीचे नियम ज्या त्या जिल्ह्याने करायचे. या वर्षी राजधानीने ते काढून घेतले आणि सगळ्या देशाला एकच कायदा केला. दीड महिन्यापूर्वी फॉर्म घेऊन एक माणूस गावात येऊन गेला होता. फॉर्ममध्ये प्रश्न होता: आपल्या घरात बंदूक किंवा बंदुकीचा कोणताही भाग आहे काय? पुढे दोनच चौकोन, आहे आणि नाही.

"खरं तेच लिहिलं," आत्या म्हणाली. "आहे वर खूण केली."

"मीही," काका म्हणाले. "दस्ता आहे तर नाही कसं म्हणणार? सरकारी कागद."

आईनेही आहे वरच खूण केली होती. तीन प्रामाणिक माणसं, तीन खुणा. राजधानीच्या हिशेबात आमच्या गावात तीन बंदुका झाल्या होत्या आणि परवाना एक.

काका हसायला लागले. हसताना त्यांचा ताठ पाय ओट्यावरून घसरला. "सतरा वर्षं एकीचे तीन तुकडे करून ठेवले. त्यांनी दीड महिन्यात तिप्पट करून दाखवल्या."

"हसू नका. जमा केली तर परत कधी?" आई म्हणाली.

कागदाच्या मागे लिहिलं होतं: प्रकरण निकाली निघेपर्यंत. ते कुणी मोठ्याने वाचलं नाही. मका अजून एकोणीस दिवस उभा राहायला हवा होता. तो गेला तर गाईंना पावसाळ्यापर्यंत घालायला काही नव्हतं. काकांचं शेत आमच्या खालच्या अंगाला. आमचं संपलं की डुकरं तिकडे शिरणार होती.

आप्पा गोठ्याच्या दारात उभे राहून ऐकत होते. काका आमच्या घरी आले की ते तिथेच उभे राहतात. काका त्यांच्याकडे बघत नाहीत आणि त्यांच्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं असलंच तर आम्हाला सांगतात.

"घरधन्याला सांग," काका मला म्हणाले, "गोठ्याच्या दाराची बिजागरी निखळलीय. त्याच्या अंगावर पडेल."

आप्पांनी बिजागरीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी जिल्ह्याच्या गावी गेलो. शस्त्र शाखेचा कारकून काचेमागे होता आणि काचेला बोलायचं भोक त्याच्या तोंडाच्या उंचीवर होतं, आमच्या नाही. आईला टाचा उंचावून बोलावं लागलं.

"तीन दिसतायत," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. "तीन आणून जमा करा."

"एकच आहे, साहेब."

"एक जमा केलीत तर दोन गहाळ दाखवाव्या लागतील. गहाळचं कलम वेगळं."

"नसलेली गहाळ कशी होईल?"

"बाई, नसलेली असती तर तुम्ही आहे कशाला लिहिलंत?"

आईच्या टाचा खाली आल्या. तिने परत उंच केल्या. "एकीचेच तीन भाग आहेत. तीन घरी ठेवतो."

कारकुनाने पहिल्यांदा स्क्रीनवरून नजर काढली. "हे आणखी वाईट. नवीन कायद्यात बंदूक परवानाधारकाच्या घरी, कुलपात, सबंध पाहिजे. दुसऱ्याच्या ताब्यात भाग दिला की तो बेकायदा हस्तांतर." त्याने बोटांवर मोजलं. "दोन वेळा."

मागे रांग होती. कुणीतरी खोकलं. आई बाजूला झाली नाही. ती तशीच चवड्यांवर उभी राहिली. पाच-सहा मिनिटांनी आतल्या खोलीतून एक बाई चष्मा पुसत बाहेर आल्या. परवाना अधिकारी, असं दारावर लिहिलं होतं.

"काय चाललंय?"

"मॅडम, यांच्याकडे एका बंदुकीच्या तीन बंदुका आहेत," कारकून म्हणाला.

त्यांनी आम्हाला आत बसवलं. आईने सगळं सांगितलं, नळीपासून मुठीपर्यंत, आणि का तेही. कोणी गोळी झाडली हे सांगताना ती थांबली नाही.

मॅडम पेनाचं टोपण उघडमीट करत म्हणाल्या, "तुमचा नियम कडक आहे हे मला पटतं. पण उद्या दुसरं गाव म्हणेल, आमचा नियम ढिला आहे, तोही चालवा. टेकडीपलीकडचा एक गिरणीवाला दर आठवड्याला येतो. त्याच्या गावाचं म्हणणं, दर घरी एक, भरलेली, दाराशी. तुमचं ऐकलं तर त्याचं का नको?"

आई म्हणाली, "विचार करून सांगते."

"आणि दुसरं. परवाना पीकराखणीचा आहे. तीन घरांतून गोळा करेपर्यंत राखण होते तरी का? होत नसेल तर ती राखणीची बंदूक नाही, नुसती अडगळ. डुकरं किती वेळ थांबतात?"

"सात मिनिटं," मी म्हटलं. "शिरल्यापासून निघेपर्यंत. चार वेळा मोजलंय. सरासरी सात."

"मग सातच्या आत जोडून दाखवा. गुरुवारी संध्याकाळी मी येते."

बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली. दोन थांबे गेल्यावर म्हणाली, "तुला कुणी विचारलं होतं?"

"त्यांनीच विचारलं."

"दहा म्हणायचं. दहा म्हटलं असतं तर परवाच पास झालो असतो."

थोड्या वेळाने तिने पिशवीतला पेरू काढला, अर्धा मला दिला, आणि मोठा अर्धा दिला.

गुरुवारला पाच दिवस होते. त्या संध्याकाळी डबा वाजवून पहिला सराव केला: नऊ मिनिटं वीस सेकंद. दुसऱ्या दिवशी काकांनी पळायचा प्रयत्न केला. ओढ्याच्या उतारावर ताठ पाय मुरुमात घसरला आणि ते दस्ता छातीशी धरून कुशीवर पडले. कोपर सोलवटलं, दस्त्याला ओरखडाही नाही. वेळ अकरा मिनिटं दोन सेकंद.

गावसभेचे अध्यक्ष बांधावर आले होते. ते म्हणाले, "दस्ता जवळच्या घरात ठेवू. पाच दिवसांपुरता."

"नाही," आई म्हणाली.

"अहो, पाच दिवस."

"ज्याला लागली त्याच्याच घरी दस्ता, असं ठरलं होतं. त्याचं मन नसेल तर बंदूक जुळायला नको, म्हणून. पाच दिवस तरी का सोडायचं?"

आत्या काकांच्या कोपराला हळद लावत होती. काका म्हणाले, "माझा बिछानाच बांधावर टाका. दस्ता उशाला घेऊन झोपतो."

"आणि डास चावले की बंदूक माग," आत्या म्हणाली.

सगळे हसले. तीस पावलांवर आप्पांची पाठ हलली नाही.

तिसऱ्या संध्याकाळी मी डबा वाजवला आणि घड्याळ सुरू केलं. आई नळी घेऊन आली. आत्या मूठ आणि काडतुसांची पिशवी घेऊन आली. मी काकांच्या वाटेकडे बघत होते. त्या वाटेवरून सायकल येत होती.

सायकल आप्पांची होती. मागच्या कॅरियरवर घडी केलेलं पोतं दोरीने बांधलेलं, आणि त्यावर काका बसलेले. ताठ पाय बाजूला सरळ काढलेला, एका हाताने कॅरियर धरलेलं, दुसऱ्या हातात दस्ता. खडबडीत वाटेवर सायकल दोन्हीकडे डुलत होती. आप्पा उभे राहून पॅडल मारत होते.

बांधाशी आप्पांनी सायकल थांबवली, काका उतरेपर्यंत दोन्ही पाय रोवून धरली, मग ती आडवी टाकून ते चालायला लागले. मी पावलं मोजली नाहीत, तेच मोजत होते. तीस झाल्यावर पाठ करून उभे राहिले.

आईने नळी दस्त्यात बसवली, आत्याने मूठ दाबली. खट.

"सहा मिनिटं एकोणतीस सेकंद," मी म्हटलं.

आई काकांकडे बघत होती. "तुम्ही बोलावलंत?"

"मी कशाला बोलावू? डबा वाजला, मी पेटी उघडून दस्ता काढला, दार उघडलं तर हा उंबऱ्याशी घंटी वाजवत उभा." काका पोत्याकडे बघत म्हणाले, "सायकलवाल्याला सांग, पोतं आणखी एक घडी करायला. हाडं वाजतात."

दुसऱ्या दिवशी पोत्याच्या दोन घड्या होत्या. आप्पांनी दुपारी फावडं घेऊन वाटेवरचे मोठे दगड काढले होते आणि ओढ्याच्या उतारावर मुरूम दाबला होता. सहा मिनिटं चार सेकंद. त्या दिवशी बारही काढावा लागला नाही. डुकरं आलीच नाहीत.

गुरुवारी मॅडम जीपमधून आल्या. सोबत कारकून, आणि मागून मोटारसायकलवर टेकडीपलीकडचा गिरणीवाला, कपड्यांवर पीठ तसंच. अर्धा गाव बांधाच्या अलीकडे उभा होता. मॅडमनी आपलं घड्याळ काढलं, माझंही बघितलं, आणि दोन्ही जुळवली.

"वाजवा," त्या म्हणाल्या.

मी डबा बडवला. आई घरातून निघताना दिसली. खांद्यावर नळी, चाल रोजचीच, घाई न करता लांब टाकलेली पावलं. एक मिनिट अठ्ठावीस. आत्या तीन मिनिटं दहा, दम लागलेला, पिशवी पोटाशी. मग काही नाही. वाट रिकामी होती. कारकून मॅडमच्या कानात काहीतरी बोलला. गिरणीवाल्याने घड्याळ बघितलं. चार मिनिटं. ओढ्यापाशी सायकलचं हँडल वर आलं, मग आप्पांचं डोकं, मग त्यांच्या मागे दस्त्याचं टोक.

उतारावर पुढचं चाक घसरलं. काकांचा ताठ पाय जमिनीला घासला. आप्पांनी एक पाय टेकून सायकल पेलली, आणि काकांनी पहिल्यांदाच, दस्ता धरलेला हात तसाच ठेवून, दुसऱ्या हाताने आप्पांच्या कमरेला मिठी घातली. सायकल सरळ झाली. शेवटचे शंभर मीटर आप्पा बसून पॅडल मारत होते, कारण उभं राहायला मागचा हात सोडत नव्हता.

काका उतरले. नळी, दस्ता, मूठ. खट.

"पाच मिनिटं एक्कावन्न," मॅडम म्हणाल्या.

"बावन्न," मी म्हटलं. आईने माझ्याकडे पाहिलं.

अर्ध्या गावातून आवाज उठला. मॅडम मात्र दुसरीकडे बघत होत्या. सायकल आडवी पडलेली होती आणि तिच्यापासून दूर, मक्याच्या कडेला, एक माणूस पाठ करून उभा होता. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, खांदे वरखाली होत होते.

"तो माणूस काय करतोय?"

"कायदा पाळतोय," काका म्हणाले.

"कुठला कायदा? नवीन कायद्यात असं काही नाही."

"वरचा नाही, मॅडम. इथला." काका काठीवर रेलले. "वरचा त्याने कधीच मोडला नव्हता. परवाना होता. बंदूक घरात होती, कपाटात होती, कुलपात होती, सबंध होती. तुमच्या नवीन कायद्यात जसं पाहिजे ना, अगदी तसं. मग एक दिवस त्याला राग आला आणि त्याने कुलूप उघडलं. घरातून माझ्या बांधापर्यंत त्याला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत." त्यांनी पँट वर केली. गुडघ्यावर छर्‍यांच्या खुणा होत्या, मक्याच्या दाण्याएवढ्या, निळसर. मी त्या लहानपणी मोजल्या होत्या. चौदा. "आता राग आला तर आधी आत्याकडे जावं लागतं, मग माझ्याकडे. माझ्या दारात येऊन मलाच म्हणावं लागेल, दे रे दस्ता, तुला मारायचंय."

कुणीतरी हसलं, मग थांबलं.

गिरणीवाला पुढे झाला. "बघा मॅडम, हेच मी म्हणतो. गावाचा नियम गावाला करू द्या. यांना तुकडे करून ठेवायचेत, ठेवू द्या. आम्हाला भरलेली दाराशी पाहिजे, आम्हाला—"

"तुम्हाला नाही," आई म्हणाली.

तिने बंदूक रिकामी करून सुटी केली होती आणि नळी खांद्यावर घेतली होती. मॅडमना 'विचार करून सांगते' म्हटल्यापासून ती विचार करत होती. हे उत्तर तिने गोठ्यात, मक्यात, चुलीशी दहा वेळा पुटपुटलेलं मी ऐकलं होतं.

"हा बांध बघा, मॅडम. याची कमीत कमी उंची पाटबंधारेवाल्यांनी ठरवलीय. गुडघाभर. माझ्या मनाला आलं म्हणून मी तो वीतभर करू शकत नाही, कारण पाणी फुटलं तर खालच्या शेतात जातं, माझ्या नाही. पण मी आणि खालच्याने मिळून तो कमरेएवढा केला, तर कुणी नोटीस पाठवत नाही. तुमचा कायदा तसा ठेवा. खालची उंची राजधानीने ठरवावी, सगळ्या देशाला एकच. गिरणीवाल्याला ती कमी करता येऊ नये. वर माती टाकायची असेल तर ती आम्हाला टाकू द्या."

गिरणीवाला म्हणाला, "बांधाचं आणि बंदुकीचं काय?"

"तुमच्या दाराशी भरलेली ठेवलीत तर छर्रे तुमच्या दारात थांबतील का?" आत्या म्हणाली. "मी तुमच्या गावात चौऱ्याऐंशी बाळंतपणं केलीत. एकेक दाराशी काय काय चालतं, मला सांगू नका."

मॅडम जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून उभ्या राहिल्या. कारकुनाने कायद्याचं पुस्तक उघडून दिलं. त्या पानं उलटत होत्या, थांबत होत्या, परत मागे जात होत्या. गाव उभं होतं. एक गाय हंबरली. शेवटी त्यांनी एका कलमावर बोट ठेवलं: परवाना अधिकाऱ्यास वाटल्यास परवान्यावर सुरक्षिततेची अधिक अट घालता येईल.

"अधिक," त्या कारकुनाला म्हणाल्या. "कमी नाही. वाच नीट."

त्यांनी आईचा परवाना उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागल्या. नळी परवानाधारकाकडे. दस्ता अमुक व्यक्तीकडे. मूठ व काडतुसे अमुक व्यक्तीकडे. तिघांच्या उपस्थितीशिवाय शस्त्र जोडू नये. ही अट राहील तोपर्यंत ते तीन मिळून एक शस्त्र समजावे. लिहिताना त्या प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होत्या आणि प्रत्येक ओळीला आत्या मान हलवत होती.

"तीनच्या एक कर," त्यांनी कारकुनाला सांगितलं. "आजच. दोन्ही खुलाशांच्या नोटिसा रद्द."

"गहाळ?"

"काही गहाळ नाही. मी डोळ्यांनी मोजली."

मग त्यांनी पेन उचललं. "आणि ते तीस पावलांचं? तेही अट म्हणून लिहू? एकदा लिहिलं की मोडता येणार नाही."

ज्याला विचारायचं तो एकच माणूस होता आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते. काकांनी काठीने बांधावरचं ढेकूळ फोडलं. अर्धं फुटलं. उरलेलंही फोडलं.

"ते नका लिहू," ते म्हणाले. "ते राजधानीचं नाही आणि गावाचंही नाही. ते आमचं आमचं आहे."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं, सही केली, शिक्का मारला. आईने परवाना दोन्ही हातांनी घेतला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि गावाकडे वळून तो उंच धरला. लोकांनी डबे आणले होते, घरचे, हाताला लागतील ते. ते सगळे एकदम वाजायला लागले. बैल दावी तोडायला बघत होते. अध्यक्ष दोन्ही हातांनी पत्रा बडवत होते आणि कारकूनसुद्धा जीपचा दरवाजा थोपटत होता. आत्या आईच्या गळ्यात पडली आणि नळी दोघींच्या मध्ये आली.

डुकरं दोन दिवसांनी आली, दिवेलागणीला, तेही आमच्याच पट्ट्याच्या वरच्या कोपऱ्यातून. माझ्या आधी काकांच्या सुनेने डबा वाजवला. आई पोचली, आत्या पोचली, सायकल पोचली. आप्पांनी सायकल धरली, काका उतरले, आणि आप्पा चालायला लागले.

बंदूक जुळत होती. काकांनी मान न वळवता म्हटलं, "ए."

आप्पा थांबले.

"किती लांब जातोस? मला परत जायचंय. मी काय तिथून तुला हाका मारत बसू?"

सतरा वर्षांत त्यांनी आप्पांना उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. आप्पा तिथेच उभे राहिले. आईने नळी आभाळाकडे केली. मक्याच्या आत पानं खळखळली, मग बार उडाला, आणि खळखळ रानाकडे पळत गेली.

सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी मी मोजायला सुरुवात केली. चौसष्ट ओळी बघून झाल्या. रात्रीतून आडवी झालेली ताटं: शून्य. कोपऱ्यातल्या चार ताटांची खालची पानं फाटलेली, कणसं शाबूत. मग बांधापासून आप्पांच्या चपलांच्या शेवटच्या ठशांपर्यंत मी पावलं टाकली. अंतर अकरा पावलं. ठशांची पुढची बाजू बांधाकडे.